मस्कत ते मुंबई, अडीच तास

मस्कतच्या रुवी भागातल्या एका ट्रॅव्हल एजन्सीत मी गेली सतरा वर्षं तिकिटं काढते आहे. नवऱ्याची नोकरी मस्कतला लागली, पुण्याचं घर आवरून आम्ही दार्सैतला भाड्याच्या फ्लॅटमध्ये आलो, आणि सहा महिने नुसतं घरी बसून कंटाळल्यावर मी हे काम धरलं. थंडीत मी ऑफिसला चालत जाते, उन्हाळ्यात टॅक्सीने. आता बहुतेक लोक फोनवरच तिकीट काढतात, तरी काउंटरवर येणारे अजून आहेत. समोर बसून विचारल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

त्यांचे प्रश्नही ठरलेले. बॅग किती किलो, जेवण देतात का, आणि किती तास लागतात.

मी स्क्रीनकडे न बघताच सांगायचे, मस्कत ते मुंबई अडीच तास. अंतर साधारण साडेपंधराशे किलोमीटर. "मस्कतहून सलालाहला गाडीने जायला दहा-अकरा तास लागतात," असंही मी ओमानच्याच दुसऱ्या टोकाच्या शहराचं नाव घेऊन वर जोडायचे, "म्हणजे बघा, आपलं घर सलालाहपेक्षा जवळ आहे." लोकांना ते ऐकायला बरं वाटायचं. मलाही बोलायला बरं वाटायचं. पुण्यात आई-वडिलांना मी हेच सांगून ठेवलं होतं. कधीही हाक मारा, अडीच तासांत येते.

या बोलण्यावर मला पहिल्यांदा कुणी अडवलं असेल तर खाबुऱ्याहून आलेल्या एका गिऱ्हाइकाने. त्याला आता दहाएक वर्षं झाली असतील. पंचेचाळिशीचा माणूस, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, पण हात कितीही धुतले तरी नखांच्या कडांना काळं राहिलेलं. खाबुऱ्याच्या किनाऱ्यावर तो मच्छीमारांच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. गाव दापोलीच्या पुढे, खाडीकाठी. मी मराठी आहे हे कळल्यावर खुर्ची पुढे ओढून बसला.

"किती तास, ताई?"

"अडीच."

तो हसला. "ताई, माझी आय काय विमानतळावर राहत नाय. घरापर्यंतचं सांगा."

मग त्यानेच बोटांवर मोजून दाखवलं. खाबुऱ्याहून विमानतळ दोन तास. तिथे तीन तास आधी जायचं. मग तुमचे अडीच. मुंबईला उतरून बाहेर पडेपर्यंत एक. पुढे जीपने पनवेल, माणगाव, मंडणगड करत घरच्या अंगणात जायला सात. "झाले किती? साडेपंधरा. आणि वरती आपलं घड्याळ दीड तास पुढे. म्हणजे मी इथून न्याहारी करून निघालो तर आयला मी दुसऱ्या दिवशी पहाटेच्या फजरच्या आधी दिसणार. तोवर ती ओट्यावर बसून. सांगितलं तरी आत जात नाय."

नंतर दर दोन वर्षांनी तो यायचा. तिकीट काढायला त्याला खरं तर माझी गरज नव्हती, भाच्याने फोनवर काढून दिलं असतं. पण अर्बाबाने, म्हणजे त्याच्या ओमानी मालकाने रजा मंजूर केली की तो मस्कतला यायचा, आईसाठी गुडघ्याचा पट्टा, भावजयीसाठी कापड असलं काही घ्यायचा, आणि माझ्याकडे येऊन बसायचा. येताना खाबुऱ्याच्या बागेतली लिंबं नाहीतर आंबे पिशवीतून आणायचा. आंबे चवीला यथातथाच असायचे, आणि ते त्यालाही माहीत होतं. "आपल्याकडचे खाल्लेल्यानं याला आंबा म्हणू नये," म्हणायचा आणि पिशवी पुढे सारायचा.

आईबद्दल भरपूर बोलायचा. वडील लहानपणीच गेलेले. आईने सुकी मासळी विकून तीन भावांना वाढवलं. मधला हा. थोरला गावातच, धाकटा चिपळूणला. बायको-मुलं गावी, आईजवळ. आईला फोनवर बोलायला आवडायचं नाही, आवाज ऐकला की तिला रडू यायचं, म्हणून ती फोन दुसऱ्याच्या हातात द्यायची आणि बाजूला बसून ऐकायची. "मला तिचा श्वास ऐकू येतो ताई," तो एकदा म्हणाला. "दम्याचा हाय ना."

मी माझ्या वडिलांशी रोज बोलायचे, पण त्यांचा श्वास कधी ऐकल्याचं मला आठवत नाही. आम्ही बोलायचो ते गॅस सिलिंडर, पाणीकपात आणि माझ्या मुलीच्या मार्कांबद्दल.

गेल्या वर्षी मे महिन्यात एका सकाळी आठ वाजता, मी शटर वर करून आत येते न येते तोच माझा मोबाइल वाजला. तो होता. पहिलं वाक्य ऐकूनच मी पर्स खाली ठेवली.

"ताई, आय गेली."

फजरची नमाज पढून ती परत आडवी झाली, आपल्याकडच्या नऊला उठली, पाणी मागितलं, आणि घोट घ्यायच्या आत गेली. थोरल्या भावाने लगेच कळवलं होतं. तो रडत नव्हता. आवाज इतका सरळ होता की मला भीती वाटली.

"भाऊ विचारतोय, थांबू का? आमच्यात मय्यतीला थांबवत नायत, तुम्हाला माहीत हाय. दुपारच्या नमाजनंतर दफन करायचं म्हणतात. पण मी येत असेन तर जमातीची माणसं थांबायला तयार हायत. बंदरावरनं बर्फ आणतील. मला एवढंच सांगा, मी पोचेन का?"

मी संगणक चालू केला. त्या दिवशी मुंबईची दुपारची दोन विमानं होती, एक एक वाजताचं, दुसरं दुसऱ्या कंपनीचं, एक पन्नासचं. दोन्हींत जागा होती. एकच्या विमानाने तो आपल्याकडच्या घड्याळात पाचला मुंबईत उतरला असता. सहाला बाहेर. सात तास जीप. रात्री एकपर्यंत घरी.

मी त्याला हे सगळं मोजून सांगितलं.

"म्हणजे पोचेन?"

"पोचाल," मी म्हणाले. "एकचं घेते. तेवढीच पन्नास मिनिटं वाचतील. तुम्ही निघा, तिकीट फोनवर पाठवते."

"ताई, नक्की ना? कारण मी हो म्हटलं की ते आयला ठेवणार."

"नक्की पोचाल."

हे दोन शब्द मी ज्या सहजतेने म्हटले ती सहजता मला नंतर फार दिवस छळत राहिली. मी त्याला धीर देत होते, असं मला तेव्हा वाटलं. खरं तर ते माझं सवयीचं वाक्य होतं. दिवसातून दहा वेळा मी लोकांना पोचाल म्हणत होते, आणि ते पोचतही होते.

त्याने सगळं वेळेत केलं. अर्बाबाने स्वतःची गाडी दिली, स्वतःच्या मुलाला चालवायला बसवलं. सव्वादहाला तो विमानतळावर होता. सामान काहीच नाही, हातात एक पिशवी. साडेबाराला विमानात बसल्यावर त्याने मला फोन केला. "बसलो. भावाला कळवलं. बर्फ आणलाय त्यांनी, हर्णैहून." मी म्हटलं, सांभाळून जा. मग मी डबा उघडला आणि जेवले. त्या दिवशी डब्यात भरलं वांगं होतं. नको त्या गोष्टी लक्षात राहतात.

दीड वाजता पुन्हा त्याचा फोन.

"ताई, विमान उभंच हाय."

दारं बंद झाली होती. काहीतरी बिघाड आहे, दहा मिनिटं थांबा, असं सांगत होते. मी म्हटलं, होतं असं कधीकधी, निघेल. दहा मिनिटांनी फोन लावला तर तेच उत्तर. दोन वाजता तेच. मी त्या विमान कंपनीच्या ऑफिसात फोन लावला, ओळखीच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, "इन्शाल्ला, अर्ध्या तासात." मी तेच पुढे सांगितलं, फक्त इन्शाल्ला गाळून. ते मी का गाळलं हे मला कळत नाही. तो माझ्यापेक्षा त्या शब्दाजवळचा माणूस होता.

अडीच वाजता सगळ्यांना उतरवून परत टर्मिनलमध्ये आणून बसवलं. आता चार वाजता निघेल म्हणाले. मग सहा. पासपोर्टवर बाहेर जायचा शिक्का पडलेला, एक पन्नासचं विमान केव्हाच गेलेलं. मी दुसरं काही मिळतं का ते बघत होते. संध्याकाळी एक होतं, पण त्यासाठी त्याला पुन्हा बाहेर येऊन नव्याने सगळं करावं लागलं असतं, आणि ते दिल्लीमार्गे होतं, सकाळपर्यंत मुंबईला. समोर गिऱ्हाइकं बसली होती. एका बाईला मुलीच्या लग्नासाठी आठ तिकिटं हवी होती. मी तिच्याशी बोलत होते आणि मनात एकीकडे तास मोजत होते. आपल्याकडे आता चार वाजले. आता साडेचार. गावात मे महिन्याचं ऊन. पत्र्याचं की कौलारू, घर कसलं आहे हे मी त्याला कधी विचारलंच नव्हतं.

इथल्या चारच्या सुमाराला त्याचा शेवटचा फोन आला. मागे विमानतळावरच्या सूचना ऐकू येत होत्या.

"ताई, आता मोजून सांगा."

मी मोजलं. सहाला निघालं तर आपल्याकडचे दहा. बाहेर पडायला अकरा. पुढे सात तास.

"पहाटे सहा," मी म्हणाले. आणि मग पहिल्यांदा खरं बोलले. "पण सहाला निघेलच असं मी सांगू शकत नाही."

मग म्हणाला, "नाय. चोवीस तास नाय ठेवायची तिला. मी सांगतो त्यांना, करा म्हणून. खलास." आणि फोन ठेवायच्या आधी, इतक्या सगळ्यातही, म्हणाला, "तुम्ही जेवलात ना ताई?"

मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर आत पँट्रीत जाऊन नळ सोडून उभी राहिले.

संध्याकाळी मगरिबच्या नमाजनंतर दफन झालं, हे मला दुसऱ्या दिवशी त्याच्या मेसेजवरून कळलं. विमान सातला निघालं होतं. तो सकाळी सातनंतर घरी पोचला. मेसेजमध्ये एवढंच होतं आणि शेवटी, "मेहेरबानी." कशाबद्दल मेहेरबानी, हे वाचून मला कानाखाली बसल्यासारखं झालं.

मी त्याला फोन करायला हवा होता. केला नाही. आज करू, उद्या करू करत चाळीस दिवस गेले, मग वाटलं आता कुठल्या तोंडाने करायचा. तो परत खाबुऱ्याला आल्याचं कळलं, तरी मी गेले नाही, तोही आला नाही. नवरा म्हणाला, "विमान तू बिघडवलं होतंस का?" त्याचं बरोबर होतं. पण सकाळी आठ वाजता मी "सांगता येत नाही" म्हटलं असतं तर त्या बाईला दुपारीच माती मिळाली असती. तिला सहा तास जास्त बर्फावर ठेवलं गेलं ते माझ्या एका शब्दावर. आणि त्यातूनही मुलाला काही मिळालं नाही.

तेव्हापासून काउंटरवर मी नक्की हा शब्द वापरणं सोडलं. कुणी आजारपणासाठी, कुणी मयतीसाठी निघालेलं असलं आणि विचारलं, तर मी म्हणायचे, "विमान इतक्या वाजता निघणार असं लिहिलंय. पुढचं मी सांगू शकत नाही. घरच्यांना थांबवायचं की नाही, तुम्ही ठरवा." काही लोक चिडायचे. एक गृहस्थ म्हणाले, "अहो, तुमचं कामच आहे ना ते सांगणं?" मी तरी बदलले नाही. आपण आता प्रामाणिक झालो आहोत असं मला वाटत होतं, आणि त्यात थोडा अभिमानही होता, हे कबूल करते.

डिसेंबरात, मंगळवारी सकाळी, पुण्याहून भावाचा फोन आला. बाबा गेले. सकाळी फिरायला जाऊन आले, सोफ्यावर बसून बूट काढत होते, एक बूट काढून झाला आणि तिथेच कलंडले. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

"ताई, काय करू?" भाऊ म्हणाला. "इथे शवागारात ठेवता येईल. की दुपारी नेऊ? आत्या म्हणतायत ताटकळत ठेवू नये. तू सांग."

गेले सात महिने मी लोकांना जे सांगत होते ते मला तोंडपाठ होतं. ते मी त्याला सांगायला हवं होतं. विमानाचा भरवसा नाही, तुम्ही करून घ्या.

"थांब," मी म्हणाले. "मी येते. मी आल्याशिवाय हात लावू नका."

विचार असा मी केलाच नाही. तोंडातून ते बाहेर पडलं तेव्हा मलाच माझा आवाज परका वाटला. माझी मुलगी शाळेच्या युनिफॉर्ममध्ये दारात उभी होती. ती नववीत आहे, तिचं मराठी तुटक आहे, घरातल्या माणसांपुरतं. तिने विचारलं, "आई, आजोबा आपल्यासाठी वेट करतायत?" मी हो म्हटलं. तिने पाठीवरची बॅग काढून ठेवली आणि माझे कपडे बॅगेत भरायला घेतले.

माझं विमान वेळेवर निघालं. अगदी मिनिटाला. अडीच तास, स्क्रीनवर लिहिलेले असतात तसेच. खिडकीशी बसून मी ओमानचा किनारा मागे जाताना बघत होते आणि मला त्या वेळेवर निघण्याचीच शरम वाटत होती. आपल्याच वाट्याला हे का यावं, असं लोक वाईट घडल्यावर म्हणतात. मी ते चांगलं घडल्यावर म्हणत होते.

मुंबईहून गाडीने पुण्याला पोचायला संध्याकाळचे साडेसात झाले. भावाने बाबांना तासाभरापूर्वीच घरी आणून ठेवलं होतं. मी कपाळाला हात लावला. थंड होतं, आणि ओलसर. फ्रिजमधून काढलेल्या भांड्यावर धरतं तसं पाणी कपाळावर धरलं होतं. मला वाटलं होतं मी खूप रडेन. मी पदराने ते पाणी पुसलं. पुन्हा धरलं. पुन्हा पुसलं.

मग आई दिसली. भिंतीला टेकून खाली बसली होती, सकाळच्याच साडीत. तिला मधुमेह आहे. प्रेत घरातून निघेपर्यंत चूल पेटवायची नाही म्हणून तिने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. शेजारणीने बिस्किटं दिली होती, ती तशीच हातात होती. मी जवळ जाऊन बसले तर माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "तू आलीस. आता जरा चहा घेऊ का गं?"

मी सकाळपासून माझे तास मोजले होते. घरापासून विमानतळ, विमानतळापासून घर. आईचे अकरा तास माझ्या हिशेबात कुठेच नव्हते.

जानेवारीत मस्कतला परतले. पहिल्या शुक्रवारी मी नवऱ्याला म्हटलं, मला खाबुऱ्याला जायचंय. त्याने का म्हणून विचारलं नाही. सकाळी निघून दहा-साडेदहाला आम्ही किनाऱ्यावर होतो. खजुराच्या बागा संपल्या की वाळू सुरू होते, आणि वाळूत ओढून ठेवलेल्या पांढऱ्या फायबरच्या बोटी. तिथे एका पत्र्याच्या शेडखाली तो इंजिन खोलून बसला होता. आम्हाला बघून उठला, हात फडक्याला पुसले, शेजारच्या कॅफेटेरियातून चहा मागवला. केस पांढरे झाले होते. वर्षही उलटलं नव्हतं.

मी प्रस्तावना केली नाही. "मी तुम्हाला नक्की पोचाल म्हणाले होते," मी म्हटलं. "तसं म्हणायला नको होतं. मी माफी मागायला आलेय."

मग त्याने त्या दिवसाचं सांगितलं, जे मला माहीत नव्हतं.

विमानात तो खिडकीशी होता. तिथून त्याला ते एक पन्नासचं विमान निघून जाताना दिसलं. ते त्याच्या ओळखीचं नव्हतं, पण शेजारी बसलेला माणूस म्हणाला, हे मुंबईचं चाललं. नंतर, भावाला दफन करा म्हणून सांगितल्यावर, तो विमानतळावरच्या नमाजच्या खोलीत गेला. "आमच्यात दूर असलेल्या मय्यतीची नमाज पढता येते. मी एकटाच उभा राहिलो. एक ओमानी म्हातारा होता, त्यानं विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, आय. तो माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. मग अजून दोघं-तिघं आले. कोण कुठले, माहीत नाय. माझ्या आयच्या जनाज्याला त्या खोलीत पाच माणसं होती, ताई. तिचं नाव पण माहीत नव्हतं त्यांना."

चहा आला. त्याने आधी आमच्या हातात दिला.

"सकाळी घरी पोचलो तर अंगणात लाकडाचा भुसा पडलेला. बर्फाच्या लादीला लावून आणतात ना, तो. ओला. सगळे दमून झोपलेले. मी झाडू घेतला आणि तो भुसा झाडला. कोपरान् कोपरा झाडला. भावजय उठून आली, म्हणाली, भावजी राहू द्या, मी करते. मी म्हटलं, नको. आयचं एवढंच काम माझ्या वाट्याला आलंय."

नवरा उठून बोटीपाशी जाऊन उभा राहिला.

"आणि माफीचं म्हणाल तर," तो म्हणाला, "तुम्ही नाय म्हणाला असता तरी मी दुसऱ्या कुणाला तरी विचारलं असतं. कुणीतरी हो म्हणेपर्यंत विचारलं असतं. मला तेव्हा मोजणारं माणूस नको होतं ताई. हो म्हणणारं हवं होतं. तुम्ही म्हणालात. तेवढे चार तास, खाबुऱ्यापासून विमानात बसेपर्यंत, मी आयकडे चाललो होतो. ते तरी मिळाले."

मग मी त्याला बाबांचं सांगितलं. बुटाचं, भावाच्या फोनचं, मी थांब म्हणाल्याचं. लोकांना सात महिने जे सांगत आले त्याच्या उलट मी केलं, तेही सांगितलं. संपल्यावर त्याने एकच विचारलं.

"आई कशी हायत तुमची?"

"ठीक आहे. साखर वाढलीय जरा."

"कोण असतं जवळ?"

"भाऊ आहे. वहिनी आहे."

"तुम्ही जाणार कधी?"

मी म्हटलं, मुलीची परीक्षा झाली की, मार्चमध्ये. तो मान हलवत राहिला. मग म्हणाला, "मार्च लांब हाय." सल्ला दिल्यासारखं नव्हतं. जानेवारी ते मार्च त्याने मोजून बघितलं होतं, एवढंच.

तेवढ्यात पाण्यातून एक बोट आली. उशिरा परतलेली, इंजिन मध्येच धाप टाकत होतं. बोटीतल्या दोघांपैकी एकाने हात वर करून घाई करत हाक मारली, "यल्ला, यल्ला!" तो उठला, पँटचे पाय दुमडले आणि पाण्यात उतरला. बोट जड होती, तिघांना वाळूवर सरकेना. माझ्या नवऱ्याने बूट काढले, मोजे काढून त्यात खुपसले आणि तोही मदतीला गेला. मी शेडखाली बसून होते. समोर खोललेलं इंजिन, त्याचे स्क्रू एका ताटलीत नीट मांडून ठेवलेले. मी पर्समधून फोन काढला आणि आईला लावला. तिने उचलला. आज शुक्रवार, सुट्टीच्या दिवशी भर दुपारी फोन कसा, म्हणून घाबरली होती.

"काही नाही," मी म्हटलं. "जेवलीस का?"

"बसतेच आहे आता," ती म्हणाली. "तू बोल."

मी फोन कानाशी धरून ऐकत राहिले. तिकडून ताट सरकवल्याचा आवाज आला, मग पाणी ओतल्याचा.